मे अखेरचं वाचनालय : मराठवाड्यातल्या उन्हाळी उपक्रमांची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या वाचनालयांचा उन्हाळी हंगाम सुट्टी लागली की लगेच सुरू होत नाही. एप्रिल सरता सरता परीक्षा आटोपतात, मुलं आजोळी जातात, लग्नसराई जोरात असते. वर्दळ वाढते ती मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून. तिथून मृग निघेपर्यंत आणि पुढे शाळा उघडेपर्यंत बालविभागात पाय ठेवायला जागा नसते. याच दिवसांत दहावी-बारावीच्या निकालानंतरचे प्रवेश अर्ज वाचनालयात बसून भरून दिले जातात. नववी ते बारावीची जुनी पाठ्यपुस्तकं या हातातून त्या हातात जातात. आठवीपर्यंतची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात, म्हणून ओढ वरच्या इयत्तांच्या संचांना असते. अभ्यासिका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडी राहते. यातलं काहीही कुणाच्या एका आदेशानं सुरू झालेलं नाही. गावोगावच्या गरजेतून ते साचत आलं. गेल्या दीड दशकात त्याची जी ओढाताण झाली ती समजायची तर आधी थोडं मागे जायला हवं.

निजामी राजवटीचा इतिहास वाचकांना माहीत आहे. इथल्या विषयापुरतं इतकंच, की निजाम सरकारच्या गश्ती निशाण ५३ या फर्मानामुळे सभा घ्यायला परवानगी लागायची, खासगी शाळा काढायलाही लागायची, आणि कारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी वर्तमानपत्र चारचौघांत बसून वाचता येईल अशी खोली त्या काळात फार मोलाची होती. परभणीचं शंभरी ओलांडलेलं वाचनालय त्याच काळातलं. मेळे, व्याख्यानं आणि वाचनालय चालवणारी माणसं बहुतेक गावांत तीच ती असायची, म्हणून वाचनालयात फक्त पुस्तकं असतात अशी कल्पना इथे कधी रुजलीच नाही. वाचनालयानं व्याख्यान ठेवावं, मुलांना गोष्टी सांगाव्यात, अडल्याला अर्ज लिहून द्यावा, हे आधीपासूनच गृहीत होतं.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद राज्यानं १९५५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तो कायदा इथे अंगवळणी पडायला वेळच मिळाला नाही. मग महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा आला, १९७० मध्ये अनुदानाचे नियम आले. या कायद्यात ग्रंथालय कर नाही. राज्यानं दरवर्षी किमान २५ लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत, एवढी तरतूद आहे. वाचनालयं संस्थांचीच राहिली, शासन फक्त परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्याच्या खर्चाला मदत, देत राहिलं. माझ्या मते मराठवाड्याचं नुकसान इथून सुरू झालं. ज्या शहरांत व्यापारी पेठा, जुने देणगीदार आणि भक्कम नगरपालिका होत्या तिथे अनुदानाला वरून जोड मिळाली. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी अनुदान हेच उत्पन्न आणि वर्गणी ही चिल्लर. बालशिबिराचा खर्च मग कधी अध्यक्षांच्या खिशातून, कधी आडत दुकानदाराच्या देणगीतून निघत आला.

वाचनालयांचा उन्हाळी हंगाम नेमका मेच्या अखेरीकडे का सरकतो, याचं उत्तर बीड जिल्ह्यात सगळ्यात स्पष्ट मिळतं. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलपासून गाड्या परत यायला लागतात. मुलांचं वर्ष कारखान्याच्या आवारातल्या कोपीत (झोपडीत), नाहीतर गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात गेलेलं असतं. सगळं घर एकत्र आहे आणि हाताला सक्तीचं काम नाही, असे त्यांच्या वाट्याला येणारे दिवस म्हणजे मे आणि जूनची सुरुवात. एप्रिलमध्ये लावलेल्या शिबिरात ही मुलं दिसत नाहीत. मेच्या अखेरीस लावलं तर येतात.

त्या भागातल्या एका वाचनालयाची देवघेव नोंदवही मी पाहिली आहे. फेब्रुवारी-मार्चच्या पानांवर त्याच त्या सभासदांचे क्रमांक, बहुतेक निवृत्त शिक्षक आणि कादंबऱ्या नेणाऱ्या बायका. मेच्या पानांवर अक्षर बदलतं, कारण तेव्हा नोंदी मोठ्या मुलांकडून करून घेतल्या जातात. एकाच आडनावाची तीन-चार पोरं ओळीनं दिसतात, सगळ्यात मोठ्या बहिणीची सही सगळ्यांसाठी. अनामतीच्या रकान्यात काहीच नाही. ग्रंथपालांनी स्वतःच्या जबाबदारीवर पुस्तकं दिलेली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लाल शाईनं ‘जमा’, ‘जमा’, ‘जमा’. दोन ठिकाणी ‘हरवले’. त्या दोन पुस्तकांची किंमत कुणी भरली ते नोंदवहीत नाही, पण ते ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

हे इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण २०१२ ची ग्रंथालयांची सरकारी पडताळणी. मराठवाड्यातल्या वाचनालयांबद्दल आजही दोन माणसं बोलायला बसली की वाद तिथेच येऊन ठेपतो.

त्याआधी, २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ३ ते ५ तारखांना राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली होती. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली आणि पटावरची खोटी नावं बाहेर पडली. त्या पद्धतीची सुरुवात नांदेड जिल्ह्यातली. शाळांनंतर नजर ग्रंथालयांकडे वळली. २०१२ च्या मे महिन्यात राज्यातल्या अनुदानित ग्रंथालयांची तपासणी महसूल विभागामार्फत झाली. अनेक ठिकाणी ग्रंथालय बंद आढळलं, कित्येकांत त्रुटी निघाल्या. नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि असलेल्यांना वरचा वर्ग (‘अ’ ते ‘ड’ या वर्गांवर अनुदान ठरतं), दोन्ही थांबलं. ही बंदी पुढे बरीच वर्षं टिकली.

पडताळणी हवी होती, यात शंका नाही. एका खोलीवर दोन पाट्या, दाखल नोंदवहीत असलेली पण कपाटात नसलेली पुस्तकं, तपासणीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या गावाहून टेंपोत आणलेले गठ्ठे, हे प्रकार मराठवाड्यात होत होते आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. पुढाऱ्यांनी कार्यकर्त्यांना वाटलेली वाचनालयंही होती. राज्यातल्या ग्रंथालयांत मराठवाड्याचा वाटा मोठा, त्यामुळे बदनामीचा वाटाही मोठा आला. प्रामाणिक वाचनालयांनी पडताळणीचं स्वागतच करायला हवं होतं, आणि अनेकांनी केलंही.

आक्षेप होता तो तपासणीच्या वेळेला आणि पद्धतीला. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर असतो. गावातलं वाचनालय सकाळी उघडतं, दुपारी बंद होतं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उघडतं. अंशकालीन कर्मचाऱ्याला दुपारी बसवून ठेवण्याइतका पगार कुणीच देत नाही. तपासणीला आलेल्या माणसाला दुपारी कुलूप दिसलं तर त्यानं ‘बंद’ लिहिलं, असं तेव्हा वाचनालयांच्या कार्यकर्त्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. देवघेव, मुक्तद्वार वाचन, बालविभाग यांचं काम कसं चालतं, हे महसूल कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामातलं नव्हे. पुस्तकं मोजता येतात, म्हणून पुस्तकं मोजली गेली. मुलं घरी घेऊन गेलेली पुस्तकं कपाटात नसणारच, आणि उन्हाळ्याच्या शेवटी ती सर्वात जास्त बाहेर असतात. ज्या वाचनालयानं मनापासून काम केलं त्याची कपाटं मे महिन्यात रिकामी दिसणं स्वाभाविक होतं. देवघेव नोंदवही आणि कपाट शेजारी ठेवून तपासलं असतं तर हा प्रश्न उरला नसता. काही तपासनीसांनी तसं केलंही, पण ते त्या त्या माणसाच्या समजुतीवर राहिलं.

परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. नुसत्या पाट्या लावलेली काही वाचनालयं खरोखर मिटली आणि ते चांगलंच झालं. पण ज्या गावांत वाचनालयच नव्हतं तिथल्या तरुणांनी पुढे नवी संस्था नोंदवली, पुस्तकं जमवली, तरी मान्यतेचं दार बंद होतं. जी ‘क’ वर्गाची वाचनालयं ग्रंथसंख्या आणि सभासद वाढवून ‘ब’ च्या पात्रतेला पोचली, ती ‘क’ मध्येच अडकली. उन्हाळी उपक्रमांवर याचा थेट फटका बसला, असं माझं मत आहे. वर्ग वाढणार नाही म्हटल्यावर बालसभासद वाढवण्याची शासकीय प्रेरणा संपली. तपासणीची धास्ती तेवढी उरली. मुलांना पुस्तकं घरी देण्यापेक्षा ती कपाटात सुरक्षित बरी, असा विचार करणारे ग्रंथपाल त्यानंतर वाढले. अनामत घेतल्याशिवाय पुस्तक न देण्याचा नियम अनेक ठिकाणी त्याच वर्षांत कडक झाला, आणि ऊसतोडीहून परतलेल्या घरातली मुलं त्या नियमाखाली आधी गळाली.

आकडे पाहिले की ही भीती समजते. ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान त्या काळात ३० हजार रुपये होतं, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यातले निम्मे वेतनावर आणि उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज. त्यातून पाच पुस्तकं हरवली तर ती भरून काढायची कशी? नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनानं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं आणि ‘ड’ वर्गाला ४८ हजार मिळू लागले. म्हणजे तेव्हा महिन्याला चार हजार, त्यातले वेतनाचे दोन हजार. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात खुरपणीची एका माणसाची महिन्याची मजुरी यापेक्षा जास्त होते.

मधल्या काळात दुष्काळ येऊन गेला. २०१२-१३ चा झाला, मग २०१५-१६ चा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शिकवण्यांसाठी लातूरला आलेली मुलं मोठ्या संख्येनं गावी परतली. त्या उन्हाळ्यात वाचनकक्षांत सगळ्यात मोठी अडचण कूलरची होती. कूलरला दिवसाकाठी टाकीभर पाणी लागतं, आणि प्यायलाच पाणी विकत घ्यावं लागत असताना ते कूलरला कोण घालणार? पत्र्याच्या छताखालच्या खोल्यांत मुलांना बसवणं शक्य नव्हतं, म्हणून गोष्टींचे कार्यक्रम सकाळी सातला देवळाच्या सभामंडपात झाले. पुस्तकांच्या पेट्या तिथे नेल्या गेल्या. दुष्काळ सरल्यावरही काही गावांनी सकाळची वेळ आणि देऊळ कायम ठेवलं, कारण वाचनालयाची पायरी न चढणाऱ्या बायका तिथे सहज येऊन बसू लागल्या.

करोनात २०२० चा उन्हाळा पूर्ण गेला. मार्चमध्ये बंद झालेली ग्रंथालयं ऑक्टोबरच्या मध्यात उघडली, आणि २०२१ चा उन्हाळा दुसऱ्या लाटेनं खाल्ला. दोन वर्षं बालविभाग उघडलाच नाही, तर तिसऱ्या वर्षी मुलांना तो आठवतही नाही.

त्या रिकाम्या जागेत अभ्यासिका शिरली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांची अभ्यासिका आधीही होती, पण करोनानंतर पुण्यातला खोलीचा आणि मेसचा खर्च न परवडणारी मुलं-मुली मोठ्या संख्येनं तालुक्यालाच राहून अभ्यास करू लागली. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी राज्यातून १० लाखांहून अधिक अर्ज आले. त्या उन्हाळ्यात कुठल्याही तालुका वाचनालयात गेलं तरी बालविभागाच्या बुटक्या टेबलांच्या जागी प्लायवूडचे कप्पे दिसत होते. प्रत्येक कप्प्यावर दिवा, चार्जिंगचा बोर्ड आणि चिकटवलेलं वेळापत्रक. अभ्यासिकेचं मासिक शुल्क रोख आणि वेळेवर येतं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि उशिरा येतं. वीजबिल कशातून भरायचं याचा निर्णय संचालक मंडळाला दरमहा घ्यावा लागतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. गावातल्या मुलीला रात्री नऊपर्यंत सुरक्षित बसून अभ्यास करता येतो, ही सेवा कुठल्याही कथाकथनाइतकीच मोलाची आहे.

तरीही दोन्हींची जागा एकच असेल आणि शांतता ही अभ्यासिकेची पहिली अट असेल, तर गोष्टी ऐकून खिदळणारी मुलं बाहेर जाणार हे ठरलेलंच. काही वाचनालयांनी यावर वेळ वाटून घेतली आहे : सकाळी आठ ते दहा अंगणात किंवा गच्चीवर मुलांचे कार्यक्रम, आणि अभ्यासिकेतल्याच विद्यार्थ्यांकडून आठवड्यातून एक तास मुलांना वाचून दाखवण्याची किंवा प्रवेश अर्ज भरून देण्याची अट. त्याबदल्यात शुल्कात सवलत. सध्या वाद आहे तो या अटीवर. परीक्षा तोंडावर असलेल्यांना एक तासही जड जातो, आणि पालक म्हणतात की आम्ही पैसे अभ्यासासाठी भरतो. दुसरीकडे जून उजाडला की प्रवेश अर्जांसाठी रांग लागते, आणि ते भरून द्यायला पगारी माणूस ठेवणं अनुदानातल्या वेतनाच्या पैशांत बसत नाही.