पहिला नंबर आणि असामान्य बुद्धी: गल्लत कुठे होते?

‘वर्गात पहिला येतो, गिफ्टेडच आहे आमचा!’ नागपुरात धरमपेठ असो की नंदनवन, ट्यूशनच्या दारात हे हमखास ऐकू येतं. असेलही. पण पहिला नंबर वेगळा आणि असामान्य बुद्धी वेगळी.

हुशार मूल शिकवलेलं चटकन उचलतं, वह्या पूर्ण ठेवतं, स्कॉलरशिपला बसवलं की नाव काढतं. दुसरं, असामान्य बुद्धीचं मूल शिकवण्याआधीच पुढे गेलेलं असतं, आणि बरेचदा भलत्याच दिशेला. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात दोघांनाही न्या. पहिलं मूल रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर हे पाठ करून घरी सांगेल. दुसरं तिथेच अडून बसेल: रूळ अरुंद असले की वळण आखूड घेता येतं का? मग ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा कशाला? बाकीची पोरं पुढच्या इंजिनाकडे पळालेली, हे अजून चाकाखाली वाकून बघतंय. वर्गात याच सवयीपायी ‘लक्ष नसतं’ असा शेरा मिळतो.

मोजायचं कसं? रूढ हिशेब बुद्ध्यांक १३० च्या वरचा, म्हणजे शंभरात साधारण दोघं. पण नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवली की काय होतं पाहा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात अशी मुलं निवडायला घेतली. त्यांच्या चाळणीतून गळलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहणं अशी एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळं मांडली; तिन्ही जुळतात तिथे असामान्यपण. मला ती जास्त पटतात. मात्र शाळेत कंटाळून गेलेलं पोर तिसऱ्या वर्तुळात दिसतच नाही, ही त्यातली मोठी गोची.

शिवाय अशा मुलाची वाढ सगळीकडून सारखी नसते. आठव्या वर्षी मोठ्या वर्गाचं गणित सोडवेल आणि पेन्सिल हरवली म्हणून भोकाड पसरेल. एखाद्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचणही असते; मग त्याची हुशारी अक्षराखाली दबून जाते.

हुशार मुलाला चांगला शिक्षक आणि सराव पुरतो. दुसऱ्याला तोच सराव शिक्षा वाटते. एका पद्धतीची वीस गणितं देण्याऐवजी त्यातली सर्वांत अवघड दोन आधी द्या. जमली तर बाकीची माफ, आणि उरलेल्या वेळात नवा प्रश्न. एकाच विषयापुरतं वरच्या वर्गात बसवणंही चालतं, अख्खी इयत्ता ओलांडायलाच हवी असं नाही. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून अशा मुलांसाठी काम करते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बी.एड.ला या विषयात विशेष शिक्षणाची मुभा आहे. असे शिक्षक शाळेत येतील तेव्हा येतील, तोवर पालकसभेत गुणपत्रिका बाजूला ठेवून बाईंना एवढंच विचारा: ‘हा वर्गात विचारतो काय?’