माध्यम साक्षरता व संशोधन कौशल्यांचे अध्यापन

बातमी, छायाचित्र, चित्रफीत, जाहिरात किंवा मोबाइलवर आलेला संदेश कोणी व कशासाठी तयार केला आणि त्यातले खरे किती, हे तपासायला विद्यार्थ्यांना शिकवणे म्हणजे माध्यम साक्षरतेचे अध्यापन. पडलेल्या प्रश्नाचे उत्तर भरवशाच्या साधनांतून स्वतः शोधणे आणि त्याची नीट नोंद ठेवणे ही त्याचीच दुसरी बाजू आहे. बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत असे शिक्षण द्यावे, अशी मागणी युनेस्कोच्या १९८२ च्या ग्रुनवाल्ड जाहीरनाम्यात आहे.

उत्तर महाराष्ट्रात या विषयाची निकड १ जुलै २०१८ रोजी भीषण रीतीने समोर आली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांचा जीव घेतला. लगोलग नाशिक जिल्ह्यात मालेगावातही जमावाच्या तावडीतून पाच जणांना पोलिसांनी सोडवले. त्या काळात देशभर फिरलेली मूल उचलून नेण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये दुचाकीस्वार मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापलेला होता. म्हणून ‘हे पूर्ण आहे का?’ हा प्रश्न वर्गात अगदी सुरुवातीलाच शिकवावा.

आठवी-नववीच्या वर्गाला साधारण सहा तासिका पुरतात. चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एकच दावा द्यावा, तोही गावातला, कारण ओळखीची जागा मुले बारकाईने पाहतात. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर हा त्यासाठी उत्तम विषय आहे. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात आणि दर पावसाळ्यात २०१६ किंवा २०१९ च्या महापुराच्या जुन्या चित्रफिती ‘आजच्या’ म्हणून फिरू शकतात.

आधी दावा एका वाक्यात वहीत लिहायचा: कुठे, केव्हा, काय. मग चित्रफीत थांबवत-थांबवत तीन-चार स्थिर चित्रे घ्यायची. त्यांत मारुती, होळकर पुलाचे कठडे, दुकानाची पाटी असे काही स्पष्ट दिसले पाहिजे. वर चिकटवलेली मजकुराची पट्टी कापून टाकायची आणि चित्रावरून शोध घ्यायचा, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच शोधयंत्राला देऊन ते आधी कुठे आले होते ते पाहायचे. सापडलेल्या निकालांतला सर्वांत जुना दिनांक महत्त्वाचा. पहिला दिसलेला नव्हे. शेवटी गंगापूर धरणातून त्या दिवशी किती विसर्ग चालू आहे, हे जलसंपदा विभाग किंवा जिल्हा प्रशासनाच्या माहितीशी ताडून पाहायचे. इथे एककाकडे लक्ष हवे. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, तर एक क्यूमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्यूसेक. या दोहोंत गल्लत झाली की आकडा पस्तीसपट चुकतो.

मुलांच्या दोन चुका ठरलेल्या असतात. व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फाइलवरची तारीख ती चित्रीकरणाची समजतात. प्रत्यक्षात ती बहुधा संदेश आल्याची किंवा फाइल साठवल्याची असते, कारण पाठवताना मूळ तपशील बहुतेक गळून पडतात. दुसरी चूक म्हणजे शोधात काही सापडले नाही की चित्र नवे आहे असे ठरवणे. काही न सापडणे हा कशाचाच पुरावा नाही.

लासलगावच्या कांदा भावाचे संदेशही तपासायला घ्यावेत. बाजारभाव क्विंटलमागे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असा असतो. संदेशात अनेकदा फक्त कमाल भाव येतो आणि कांदा लाल की उन्हाळ, हे सांगितलेलेच नसते. आकडा खरा असूनही समज खोटा होतो. शेतकरी घरातली मुले हे चटकन ओळखतात. त्यांनाच गटात बोलते करावे.

संकेतस्थळ पारखताना त्याच पानावर रेंगाळू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासकार, विद्यार्थी व व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची तुलना केली. तपासनीस लगेच नवी टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत. बाकीचे बरेच जण देखण्या मांडणीला आणि बोधचिन्हाला भुलले.

संशोधनाच्या सरावाला नाशिकची त्रिरश्मी लेणी, म्हणजेच पांडवलेणी, हाताशी आहेत. ‘ही पांडवांनी कोरली का?’ एवढा प्रश्न पुरे. लेणे क्रमांक ३ मध्ये सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा, तर १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. दोन्हींत बौद्ध भिक्षुसंघाला दिलेल्या दानांची नोंद आहे. शिलालेखाचे प्रसिद्ध झालेले वाचन, नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) आणि आजचा एखादा लेख शेजारी ठेवले की मूळ साधन (त्या काळचेच) व दुय्यम साधन (नंतर कोणी लिहिलेले) यांतला फरक वेगळा समजवावा लागत नाही. नाशिकच्या १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात एक तासिका घ्यावी आणि ग्रंथपालांना विषय आठवडाभर आधी कळवावा. ऐनवेळी चाळीस मुले नेली तर पुस्तके हाती पडेपर्यंत वेळ संपतो.

टिपणाच्या प्रत्येक कार्डावर एकच मुद्दा, ग्रंथ, पृष्ठ आणि पाहिल्याचा दिनांक हवा. उतारा जसाच्या तसा घेतला तर अवतरणचिन्हे तिथल्या तिथे घालावीत. नंतर घालू म्हटले की आपले वाक्य कोणते हे मुलांनाच आठवत नाही. विकिपीडियावरून तळटीपांकडे जावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत वापरू नये, कारण अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही ती छातीठोकपणे देते.

नुसते खोटे पकडायला शिकवले तर मुले कशावरच विश्वास ठेवीनाशी होतात, आणि हे भोळेपणाइतकेच घातक आहे. म्हणून निम्मे दावे खरे निघणारे निवडावेत. गुण निष्कर्षाला कमी आणि तपासाच्या वाटेला जास्त द्यावेत: दहापैकी सहा गुण टप्प्यांच्या नोंदीला, दोन गुण साधनांच्या निवडीला, दोन गुण निष्कर्षाला. ‘पुरावा अपुरा, ठरवता येत नाही’ हे उत्तरही, नोंदी चोख असतील तर, पूर्ण गुणांचे धरावे.