टॅनिंग सोडवणारे मेसेज : पार्श्वभूमी

अमेरिकेतील तरुण मुलींना टॅनिंग बेडची, म्हणजे अतिनील दिव्यांखाली झोपून त्वचा रापवून घेण्याच्या यंत्राची, सवय सोडण्यासाठी मोबाइलवर मेसेज पाठवण्याच्या उपक्रमामागे दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यांपैकी एक त्वचेच्या कर्करोगाच्या अभ्यासातून आली आणि दुसरी धूम्रपान सोडवण्याच्या कामातून. पहिल्या वाटेवरचे निर्णायक वर्ष २००९ होय. कर्करोगकारक घटकांची वर्गवारी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये या बेडमधील दिव्यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले होते. २००९ मध्ये तिने ते तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्या सर्वांत वरच्या गटात टाकले. त्यापूर्वी २००६ मध्ये झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, वयाच्या पस्तिशीआधी टॅनिंग बेड वापरू लागलेल्यांमध्ये मेलॅनोमाचा (त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा) धोका ७५ टक्क्यांनी अधिक आढळला होता. २०१२ च्या अधिक मोठ्या विश्लेषणात हा आकडा दुरुस्तीनंतर ५९ टक्क्यांवर आला. तो खाली आला म्हणून धोका किरकोळ ठरत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

त्याच २००९ साली अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलींनी मागील वर्षभरात टॅनिंग बेड वापरल्याचे सांगितले. त्यानंतरची पावले झपाट्याने पडली. जुलै २०१० पासून टॅनिंग सेवेवर १० टक्के केंद्रीय कर आला, २०१२ च्या आरंभी कॅलिफोर्नियाने अठरा वर्षांखालील मुलांना पूर्ण बंदी केली आणि २०१४ मध्ये यंत्रांवर ठळक इशारा सक्तीचा झाला. शाळकरी मुलामुलींमधील एकूण वापर २००९ मधील १५.६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ७.३ टक्क्यांवर उतरला. मात्र या बहुतेक कायद्यांची मर्यादा अठराव्या वर्षी संपते, आणि नेमक्या त्याच वयात मुलगी घर सोडून महाविद्यालयात जाते. त्या सुमारास देशातील १२५ नामांकित महाविद्यालयांची पाहणी झाली, तेव्हा ४८ टक्के ठिकाणी आवारात किंवा आवाराबाहेरील विद्यार्थी-निवासांत टॅनिंगची सोय होती आणि १४.४ टक्के ठिकाणी महाविद्यालयाच्याच कार्डाने तिचे पैसे भरता येत होते. कायद्याचा हात जिथे थांबतो तिथल्या मुलीपर्यंत पोहोचायचे कसे, या प्रश्नातून मेसेजचा विचार पुढे आला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात पुरेसा आहे. प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षयरोग बरा करण्याच्या पद्धतीला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, १९२० च्या दशकात युरोपात रापलेली त्वचा सुखवस्तूपणाची खूण झाली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस अतिनील ‘ए’ किरणांचे बेड ‘सुरक्षित’ म्हणून अमेरिकी सलूनमध्ये आले.

खरा गुंता आहे तो ‘व्यसन’ या शब्दाचा, आणि त्यावर थोडे थांबावे लागेल. टॅनिंग ‘सोडण्यासाठी’ मदत द्यायची, तर ते धरून ठेवणारे काहीतरी आहे हे आधी मान्य करावे लागते. २००४ मधील एका छोट्या प्रयोगात दिसायला अगदी सारखे दोन बेड ठेवले होते; एकातून अतिनील किरण येत, दुसऱ्यातून ते गाळलेले असत. नियमित टॅनिंग करणाऱ्यांना हवा तो बेड निवडण्याची मुभा दिली, तेव्हा ४१ पैकी ३९ वेळा त्यांनी किरणांचाच बेड निवडला. २००६ मध्ये वारंवार टॅनिंग करणाऱ्या आठ जणांना अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर चौघांना अंमल अचानक तुटल्यासारखी मळमळ आणि अस्वस्थता जाणवली, तर क्वचित जाणाऱ्यांपैकी कोणालाही तसे झाले नाही. २०१४ मध्ये उंदरांवरील संशोधनाने यामागील यंत्रणा दाखवली. अतिनील किरणांनी पेशीतील डीएनएला इजा झाली की त्वचेत एक मोठे प्रथिन तयार होते, आणि त्याच्या तुकड्यांपैकी एक त्वचेला रंग चढवतो, तर दुसरा एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचेच अफूसारखे सुखद द्रव्य, म्हणून रक्तात उतरतो. रंग आणि सुख एकाच इजेतून जन्मतात, हा माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा शोध आहे.

तरीही २०१३ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी मानसोपचार निदानसूचीत टॅनिंगच्या व्यसनाला स्थान मिळाले नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. २००५ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ऊन घेणाऱ्या १४५ जणांना दारू व अमली पदार्थांसाठीच्या दोन प्रश्नावल्या फेरफार करून दिल्या, तेव्हा त्याच माणसांपैकी एकीनुसार २६ टक्के आणि दुसरीनुसार ५३ टक्के व्यसनाधीन ठरले. मापनपट्टी बदलताच रुग्णांची संख्या दुप्पट होत असेल, तर निदानाचा आग्रह धरणे अवघड आहे. मराठीत हा पेच आणखी बोचतो, कारण ‘व्यसन’ म्हटले की दोष आपोआप त्या व्यक्तीकडे जातो, ‘सवय’ म्हटले की गोष्ट हलकी होते, आणि ‘अवलंबित्व’ हा शब्द दवाखान्याबाहेर कोणी उच्चारत नाही. मेसेज-उपक्रमांनी निदानाची वाट न पाहता ‘सोडायचे आहे का?’ एवढेच विचारले, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरी वाट धूम्रपानाची. न्यूझीलंडमधील २००५ च्या चाचणीत मेसेज मिळणाऱ्यांपैकी २८ टक्के जण सहा आठवड्यांनी सिगारेटपासून दूर होते. इतरांत हे प्रमाण १३ टक्के होते. ब्रिटनमध्ये २०११ साली ५,८०० जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतरचे, लाळेच्या तपासणीने पडताळलेले आकडे १०.७ आणि ४.९ टक्के होते. अमेरिकेत १८ ते २४ वयोगटासाठी ई-सिगारेट सोडवणाऱ्या मेसेजचे निष्कर्ष २०२१ मध्ये २४.१ विरुद्ध १८.६ टक्के आले. रचना साधारण सारखीच आहे. सोडण्याची तारीख स्वतः ठरवायची, तिच्या आधी आणि नंतर मेसेज यायचे, आणि तल्लफ आली की एक ठरावीक शब्द पाठवताच लगेच उत्तर मिळायचे. त्वचेच्या बाबतीतही २००९ च्या एका छोट्या चाचणीत रोजचे मेसेज मिळणाऱ्यांत सनस्क्रीन लावण्याचे प्रमाण ५६ टक्के, तर इतरांत ३० टक्के दिसले होते.

हा साचा टॅनिंगला जसाच्या तसा बसत नाही. सिगारेटची तल्लफ दिवसातून अनेकदा येते, पण टॅनिंगची ओढ वसंतातील सुट्टी, मैत्रिणीचे लग्न किंवा संपत आलेले महिन्याचे पॅकेज यांच्याभोवती गोळा होते. डोळ्यांवर छोटा चष्मा, वरून मिटणारे झाकण, दहा-पंधरा मिनिटांची ऊब आणि मधे कोणाचाही फोन नाही, ही विश्रांतीही तिला हवी असते. त्यामुळे शुक्रवारी दुपारी येणाऱ्या मेसेजने साठीतल्या कर्करोगापेक्षा आजच्या कारणाला हात घालावा लागतो, जसे की ‘आधी थोडे रापून घेतले की सुट्टीत त्वचा भाजत नाही’ हा समज. तसल्या रापलेल्या थराचे संरक्षण जेमतेम तीन-चार एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचे माप) इतकेच असते. महाविद्यालयीन तरुणींवरील २००८ च्या चाचणीत सुरकुत्या आणि डाग यांवर भर देणाऱ्या पुस्तिकेने टॅनिंग स्पष्टपणे घटवले होते. तो धडाही मेसेजच्या मजकुरात उतरला.

‘सोडले’ कधी म्हणायचे, हे मात्र अजून सुटलेले नाही. धूम्रपानात सलग सात दिवस हा प्रचलित मापदंड आहे आणि लाळेत खोटे पकडता येते. वर्षातून सहा वेळा, तेही वसंतात, बेडवर जाणाऱ्या मुलीने नोव्हेंबरमध्ये ‘महिनाभर गेले नाही’ असे लिहिले, तर तिने टॅनिंग सोडले की तिचा हंगाम संपला, हे सांगणारी कोणतीही तपासणी उपलब्ध नाही, आणि तिच्या शब्दावरच मोजणी उभी राहते.