‘शोले’ ७० एमएम कॅमेऱ्याने घेतला? छे!

फाळक्यांच्या नाशकात सिनेमाचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच : ‘शोले’ ७० एमएम कॅमेऱ्याने घेतला. चूक. १९७५चा हा सिनेमा चित्रित झाला ३५ एमएम (म्हणजे तेवढ्या मिलिमीटर रुंदीच्या) निगेटिव्हवर. ७० एमएम प्रिंट नंतर ब्रिटनमध्ये मोठ्या करून काढल्या. खरी मेख चौकटीत आहे. ७० एमएमची चौकट उंचीच्या २.२ पट रुंद, ३५ची त्या मानाने उभट. म्हणजे वरचा-खालचा भाग कापला जाणार. म्हणून कॅमेऱ्यातून दृश्य बघायच्या काचेवर आधीच खुणा करून घेतल्या, नाहीतर क्लोजअपमध्ये गब्बरचं कपाळच उडालं असतं! चित्र मोठं केलं की फिल्मचा दाणाही (चित्र ज्यांनी बनतं ते बारीक कण) मोठा दिसतो, ते चालवून घ्यायचं. पण प्रिंटवरच्या चुंबकीय पट्ट्यांमधला सहा ट्रॅकचा आवाज अस्सल. नाण्याची ती खणखण त्याचीच.