खुर्ची कुरकुरली की टेक गेला

माईक लावला की आधी पंखा बंद. खिडकी तर बंदच असते, कारण बाहेर हॉर्न, भाजीवाला आणि दर दोन मिनिटांनी धडधडत जाणारी लोकल. मे महिन्यात दहा बाय दहाच्या खोलीत तासभर असं डबिंग करून बघा. खुर्चीची पाठ जाळीची का हवी, हे कुणी सांगावं लागत नाही. शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. फुगीर गादीला पाठ टेकली की मधली दमट हवा हलत नाही आणि घाम सुकत नाही.

शोरूममध्ये मात्र काळी चकचकीत खुर्चीच राजेशाही दिसते. मीही भुललो होतो. ते चामडं नसतं, कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतली वाफ त्यातले रासायनिक बंध हळूहळू तोडत जाते, आणि मुंबईच्या हवेत वाफेची कमतरता नाही. तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या खुर्चीचे पोपडे निघू लागले. काळे कपटे शर्टाला चिकटून घरभर फिरले.

आता पाठीचं. ‘ताठ बस’ हे आपण लहानपणापासून ऐकलं. १९६०च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना तो १०० धरला, तर टेकण्याशिवाय बसल्यावर सुमारे १४० भरला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या मोजणीत साधं बसणं आणि उभं राहणं यांत फारसा फरक दिसला नाही. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र जुळली: बसून पुढे वाकलं की दाब चढतो. जर्मन मोजणीत तर खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर तो बराच उतरला होता. म्हणजे एडिटिंग करताना स्क्रीनकडे मान काढून बसणं वाईट, आणि ज्याला आपण आळशीपणा म्हणत आलो ते रेलणं तितकं वाईट नाही.

मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या या गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतात. शेजारच्या मणक्यांतून अन्नद्रव्यं झिरपत येतात, आणि दाब कमी-जास्त होत राहिला की द्रव आत-बाहेर होतो. म्हणून हालचाल हवी. स्टुडिओत गोची नेमकी इथेच आहे: हललात की खुर्ची कुरकुरते, माईक ते पकडतो, टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, वाया. मग माणूस पुतळ्यासारखा बसायला शिकतो आणि संध्याकाळी कंबर धरून उठतो.

ही कुरकुर म्हणजे धातूवर धातू अडकणं आणि निसटणं, सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनची तार गजाखाली नेमकी अशीच वाजते, फक्त तिथे आपण दाद देतो. सांध्यात ग्रीस भरलं की बहुतेक वेळा आवाज जातो. शिलाई मशीनचं तेल चार दिवस टिकतं.

मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज जुळवून एकत्र करण्याचं काम, करणाऱ्यांनी डोक्यामागे उंच टेकणही टाळावं. कानामागे १५ सेंटिमीटरवर टणक पाठ असेल, तर स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून जेमतेम एक मिलिसेकंद उशिरा पुन्हा कानात येतो आणि काही सूर, उदाहरणार्थ १,७०० हर्ट्झच्या आसपासचे, दबतात. तुम्ही त्या सुरांचा आवाज वाढवता, आणि दुसऱ्याच्या घरी गाणं कर्कश वाजतं.

हात टेकायच्या दांड्या काढता येणाऱ्या हव्यात, नाहीतर गिटार त्यांच्यावर आपटत राहते. फरशीवर चाकं रबरी बरी. पाय जमिनीला पुरत नसतील तर सरळ स्वयंपाकघरातला पाट घ्या. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावतील इतकी जागा सुटली पाहिजे.

यातलं काहीच फोटो बघून कळत नाही. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात ऑफिसातल्या जुन्या खुर्च्या मिळतात. तिथे जा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून खुर्चीत मागे-पुढे झुला, मग हेडफोन लावून ऐका. दुकानदाराला वाटतं आपण रील बनवतोय. वाटू द्या.