गर्दीतला दुसरा माणूस संगणकाला का दिसत नाही?

मोकळ्या रस्त्यावरून चाललेला माणूस ओळखण्याची एक भरवशाची पद्धत २००५ मध्येच मिळाली होती. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्स यांनी ६४ बाय १२८ पिक्सेलच्या खिडकीतल्या कडा कुठल्या दिशेला झुकतात, याची मोजदाद केली. डोकं, खांदे, पाय यांची ठेवण त्या आकड्यांत उतरते. पुढे उदाहरणांवरून शिकणारी न्यूरल नेटवर्क आली आणि नजर कितीतरी तीक्ष्ण झाली. गर्दीत मात्र तीही चुकते, आणि त्यातल्या बऱ्याच चुका नजरेच्या नसतातच.

प्रोग्राम एका माणसाभोवती एकच चौकट आखत नाही. थोड्याफार सरकलेल्या अनेक चौकटी आखतो आणि प्रत्येकीला खात्रीचे गुण देतो. मग साफसफाई होते: सर्वाधिक गुणांची चौकट ठेवायची, तिच्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चढलेल्या बाकीच्या खोडायच्या. याला नॉन-मॅक्सिमम सप्रेशन, थोडक्यात एनएमएस, म्हणतात. एकट्या माणसासाठी हे उत्तम. पण एकामागे एक दोघं उभे असले, तर मागच्याची चौकट पुढच्याची नक्कल समजून खोडली जाते. म्हणजे तो दिसला होता, नंतर पुसला गेला! मर्यादा सैल करावी, तर एकाच माणसाचे दोन-तीन होतात. मोकळा रस्ता आणि गच्च फलाट, दोन्हींना चालेल असा एक आकडा नाही.

२०१७ च्या सॉफ्ट-एनएमएसने चौकट खोडण्याऐवजी तिचे गुण कमी करायचा तोडगा काढला. साधा, पण मलमपट्टीच. प्रोग्रामला शिकवण्यासाठीचा २०१८ चा क्राउडह्यूमन हा चित्रसंग्रह मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात एका चित्रात सरासरी २३ च्या आसपास माणसं आहेत आणि प्रत्येकाला तीन चौकटी: झाकलेला भाग अंदाजाने धरून पूर्ण शरीराची, दिसणाऱ्या भागाची आणि डोक्याची. अंगं एकमेकांआड जातात तितकी डोकी जात नाहीत. कॅमेरा उंचावर असेल तर फारच कमी.

२०२० मध्ये फेसबुकच्या संशोधकांच्या डेटर या नेटवर्कने ही साफसफाईच काढून टाकली; कोणती चौकट कोणाची, हे नेटवर्कच आपसात ठरवतं. मात्र मूळ डेटरमध्ये एका चित्रातल्या चौकटींसाठी जागा होत्या १००. एकशेएकाव्याला प्रवेश नाही.

डोकी ठिपक्यांएवढी झाली की चौकटींचा नाद सोडून चित्रात कुठे किती दाटी आहे, याचा आकड्यांचा नकाशा काढतात. त्यातल्या आकड्यांची बेरीज म्हणजे माणसांची अंदाजे संख्या. मैदानात किती जमले, हे सांगायला तेवढं पुरतं. गाडीला ब्रेक लावायचा असेल तर बेरजेचा उपयोग नाही. बसच्या आडून नेमका कोण पुढे येतोय, तेच कळावं लागतं.