आपोआप पेट घेणाऱ्या धातूपावडरीची वाहतूक: चालकाच्या लायसन्सवर नोंद करून घेण्यासाठी अर्ज

औषध कारखान्यांत हायड्रोजनीकरणासाठी (म्हणजे रेणूंना हायड्रोजन जोडण्यासाठी) उत्प्रेरक म्हणून लागणारे रेनी निकेल, म्हणजे निकेल धातूची खास पावडर, सहसा पाण्याखाली ठेवून पाठवले जाते. त्याचे कण बारीक आणि सच्छिद्र असल्याने हवेशी भिडणारा पृष्ठभाग प्रचंड असतो. ऑक्सिजनशी संयोग होताना निघणारी उष्णता बाहेर पडण्यापूर्वीच साचत जाते आणि ठिणगी नसतानाही पावडर पेटते. ड्रमच्या कडेला ओघळलेला गाळ वाळला, तरी तेवढ्यानेही आग लागू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात या ओल्या उत्प्रेरकाचा क्रमांक १३७८ आणि वर्ग ४.२ आहे. त्याच्या फलकाचा वरचा अर्धा भाग पांढरा, तर खालचा लाल असतो.

असा धोकादायक माल नेणाऱ्या चालकास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ लागू होतो. त्याच्याकडे मालवाहू वाहन चालवण्याचे वैध लायसन्स असावे, त्याला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा (अर्थात मराठीही चालते) आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, आणि राज्य शासनमान्य संस्थेतील तीन दिवसांचा अभ्यासक्रम त्याने उत्तीर्ण केलेला असावा.

यांतील लिहिता-वाचता येण्याची अट मला सर्वांत मोलाची वाटते. केबिनमध्ये सतत बाळगायच्या ट्रेम कार्डावर (वाहतुकीतील आणीबाणीच्या सूचनांचे कार्ड) त्या मालाच्या आगीत काय करावे हे लिहिलेले असते, आणि धातूच्या आगीत नेहमीची सवय घात करते: पेटलेल्या पावडरीवर पाण्याचा फवारा मारल्यास हायड्रोजन सुटून भडका वाढू शकतो, त्यामुळे तेथे कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर लागते. उलट, माल नुसताच सांडला असून पेटलेला नसेल, तर तो ओला राखावा लागतो. हा फरक चालकाला स्वतः वाचून कळला पाहिजे. मदत येईपर्यंत तेथे दुसरे कोणी नसते.

ही पात्रता लायसन्सवर नोंदवून घेण्याचा अर्ज साध्या कागदावर, आपण राहतो त्या क्षेत्राच्या आरटीओकडे करायचा असून सोबत मूळ लायसन्स व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. लायसन्स नमुना ७ मधील, म्हणजे कार्ड स्वरूपाचे असल्यास नियम ३२ नुसार शुल्क भरावे लागते. लायसन्सच्या कामांसाठीच्या सारथी या शासकीय संकेतस्थळावरही या नोंदीची सेवा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक मालासाठीच्या लायसन्सची मुदत तीन वर्षे आहे, तर इतर मालवाहू लायसन्सची पाच. म्हणून वाहतूकदाराने दोन्ही मुदती वेगवेगळ्या नोंदवून ठेवाव्यात.